बांधलेली नाव, सुटणारी गाठ

कयाक ही अरुंद, वरून झाकलेली आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची नाव आहे. तिच्या संदर्भात आज जिला ‘लीश’ म्हणतात, ती दोरी वल्हेकऱ्याला किंवा त्याच्या वल्ह्याला नावेशी जोडून ठेवते, म्हणजे नाव उलटली तरी माणूस, नाव आणि वल्हे यांची ताटातूट होत नाही. वस्तू एवढी साधी असली तरी तिचा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. ज्या लोकांनी कयाक घडवली आणि शतकानुशतके तिच्यावर उपजीविका केली, त्यांनी माणसाला नावेशी अशा दोरीने कधी बांधले नाही. उलट नावेवर असलेली एकमेव लांब दोरी हीच त्यांच्या मृत्यूचे एक नेहमीचे कारण होती. पुढे ही नाव शिकाऱ्याच्या हातून हौशी प्रवाशाच्या हाती गेली आणि तिची घडण बदलत गेली, तेव्हा दोरी हवीशी वाटू लागली. आणि दोरी रुळली तेव्हा जुने भय नव्या रूपात परत आले. दोरीने काय बांधावे यापेक्षा ती वेळेवर कशी सुटावी, हाच या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्याची कयाक वाहून आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून शिवलेली असे आणि ती ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने बांधली जाई. शिकारी बसे त्या भोकाच्या कडेभोवती त्याच्या जलरोधक अंगरख्याची खालची किनार घट्ट आवळलेली असे. ‘तुइलिक’ नावाचा हा सीलच्या कातड्याचा पूर्ण अंगरखा चेहऱ्याभोवती आणि मनगटांवरही बांधला जाई, त्यामुळे नाव उलटली तरी आत पाणी शिरत नसे आणि माणूसही बाहेर पडत नसे. हिमनगांमध्ये वाहणाऱ्या त्या पाण्यात उघड्यावर पडलेला माणूस फार काळ हातपाय हलवू शकत नाही, त्यामुळे नावेतून निसटून पोहत जाणे हा तेथे उपायच नव्हता. उलटलेली नाव आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या फटक्याने पुन्हा सरळ करणे हाच उपाय होता. माणूस आणि नाव यांना जोडण्याचे काम अशा रीतीने वस्त्राने केले होते, आणि म्हणून त्या दोघांमध्ये दोरीला जागाच उरली नव्हती.

दोरी होती ती शिकारी आणि सावज यांच्यामध्ये. शिकाऱ्याच्या पुढ्यात, नावेच्या पाठीवर, एक छोटी तिवई असे आणि तिच्यावर सीलच्या कातड्याची कित्येक वाव लांबीची दोरी वेटोळी करून ठेवलेली असे. दोरीचे एक टोक हारपूनच्या, म्हणजे फेकून मारायच्या भाल्याच्या, सुट्या फाळाला जोडलेले असे आणि दुसरे टोक शिकाऱ्याच्या पाठीमागे ठेवलेल्या ‘अवाताक’ या फुगवलेल्या कातडी फुग्याला. भाला लागला की फाळ दांड्यापासून वेगळा होऊन सावजाच्या मांसात आडवा अडके, सील पाण्याखाली झेप घेई आणि वेटोळी भराभर उलगडू लागत. एवढ्या क्षणात शिकाऱ्याने मागे हात घालून फुगा पाण्यात लोटायचा असे. तो गेला की सील फुग्याला ओढत राही आणि दमून वर येई, नावेवर काही भार येत नसे. मात्र धावती दोरी हाताला, वल्ह्याला किंवा नावेच्या पाठीवरच्या एखाद्या पट्ट्याला गुंतली, तर घायाळ जनावराची सारी ओढ थेट नावेवर येई आणि ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उलटी होई. वाऱ्याने किंवा लाटेने उलटणे निराळे आणि दोरीने खेचले जाऊन उलटणे निराळे, कारण दुसऱ्या प्रकारात एक हात बहुधा अडकलेला असतो आणि वल्हे हाती असेलच असे नाही.

याची स्पष्ट नोंद अठराव्या शतकातच झालेली आहे. मोरावियन मिशनचा इतिहासकार डेव्हिड क्रांत्झ याने १७६१-६२ मध्ये ग्रीनलंडमध्ये वास्तव्य केले आणि १७६५ मध्ये जर्मन भाषेत त्या देशाचा इतिहास प्रसिद्ध केला. तरुण शिकाऱ्यांना कयाकमध्ये जे सराव करावे लागत त्यांची यादी त्याने त्यात दिली आहे. वल्हे नावेच्या पट्ट्यांत अडकवून उलटायचे आणि तसेच वर यायचे, वल्हे हरवले असे धरून भाला फेकण्याच्या फळीने किंवा नुसत्या तळहाताने नाव सरळ करायची, असे प्रकार त्या यादीत येतात. वरवर पाहता ही कसरत वाटते, परंतु प्रत्येक प्रकारामागे दोरीत गुंतलेल्या माणसाची एक विशिष्ट अडचण आहे, असे क्रांत्झच्या वर्णनावरून उघड दिसते. ग्रीनलंडमध्ये नाव सरळ करण्याच्या पद्धती इतक्या संख्येने का विकसित झाल्या याचे उत्तर तेथील लाटांपेक्षा तेथील दोरीत अधिक सापडते. घरात दोन आधारांच्या मध्ये दोर ताणून त्यांवर अंग फिरवण्याचा जो व्यायाम तेथे रूढ होता, तोही याच तयारीचा भाग होता आणि ग्रीनलंडच्या राष्ट्रीय कयाक स्पर्धेत तो आजही एक स्वतंत्र प्रकार म्हणून खेळला जातो.

या शिकाऱ्यांनी सुटण्याची सोय वस्तूंच्या घडणीतच करून ठेवली होती, हे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. फुगा नावेला गाठ मारून बांधलेला नसे. तो पट्ट्याखाली नुसता अडकवलेला असे, म्हणजे ओढ बसली तर तो आपोआप निघून जावा. मारलेला सील ओढून आणण्याच्या दोरीलाही गाठीऐवजी हाडाचे किंवा हस्तिदंताचे बटण आणि फास असत, कारण गारठलेल्या बोटांनी ओली गाठ सुटत नाही, फासातून बटण मात्र निघते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकच्या चापांनी जे साधले गेले, त्याचे मूळ तत्त्व येथे हाडात कोरलेले दिसते.

युरोपीय माणसाने कयाक उचलली तेव्हा तिचे वस्त्र आणि तिची कसरत मागेच राहिली. नाव आणि माणूस एकजीव नसतील तर काय होते याचे नमुनेदार उदाहरण फ्रित्यॉफ नान्सेनच्या ध्रुवीय प्रवासात सापडते. १८९६ च्या जूनमध्ये, उत्तर ध्रुवाकडून परतताना, नान्सेन आणि त्याचा सहकारी यालमार योहान्सेन हे फ्रान्झ जोसेफ द्वीपसमूहात पोहोचले होते. बांबूच्या सांगाड्यावर कापड ताणलेल्या त्यांच्या दोन कयाक एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि बर्फाच्या कडेला चामड्याच्या दोरीने बांधलेल्या होत्या. भोवतालचा प्रदेश न्याहाळण्यासाठी दोघे उंचवट्यावर चढले असताना ती दोरी तुटली आणि अन्न, बंदुका व काडतुसे असे सारे काही घेऊन नावा वाऱ्याबरोबर निघाल्या. नान्सेनने घड्याळ काढून योहान्सेनच्या हाती दिले, अंगावरचे काही कपडे उतरवले आणि त्या पाण्यात उडी घेतली; हातपाय जवळजवळ बधिर झाल्यावर तो नावेच्या काठाला लागला आणि मोठ्या कष्टाने वर चढला. परत येताना वाटेत त्याने दोन पक्षीही मारले, एवढी त्यांना अन्नाची निकड होती. रिकामी, उंच तरंगणारी नाव वाऱ्याने पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जाते, हा नियम लीशच्या साऱ्या समर्थनाचा पाया आहे, आणि तो इतक्या स्वच्छपणे मांडणारा दुसरा प्रसंग ध्रुवीय साहित्यात शोधूनही क्वचितच मिळेल.

ग्रीनलंडची कसरत युरोपात पोहोचली ती पुस्तकांच्या वाटेने. ऑस्ट्रियातील एदी हान्स पावलाता याने लिखित वर्णनांच्या आधारे सराव करून १९२७ च्या जुलैमध्ये कारिंथियातील वाइसनझे सरोवरात उलटलेली कयाक सरळ केली, आणि हे साधणारा पहिला युरोपीय म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्यानंतर तीनच वर्षांनी इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स पूर्व ग्रीनलंडला गेला आणि तेथील शिकाऱ्यांकडूनच ही विद्या शिकला. तो तिच्यात तरबेज झाला होता, तरीही २० ऑगस्ट १९३२ रोजी एकटा शिकारीला गेला असता तो परतला नाही. सहकाऱ्यांना त्याची कयाक पाण्याने भरलेल्या अवस्थेत तरंगताना आढळली, आणि जवळच्या एका हिमखंडावर त्याची विजार व कयाकचा कमरपट्टा मिळाला. देह कधीच सापडला नाही. तो हिमखंडावर उतरला असताना नाव वाहून गेली असावी आणि ती गाठण्यासाठी त्याने पाण्यात उडी घेतली असावी, हा तर्क पट्टा आणि विजार यांच्या जागेवरून केला जातो. तो खरा असेल तर वॉटकिन्सचा अंत नान्सेनच्याच प्रसंगाची दुसरी, वाईट बाजू ठरतो, आणि उत्तम कसरत येणाऱ्या माणसालाही ती नावेत बसलेला असतानाच उपयोगी पडते हे त्यातून दिसते.

याच काळात घडीची कयाक लोकप्रिय झाली होती. लाकडी दांड्यांचा सांगाडा जुळवून त्यावर रबरी कापड चढवायचे आणि प्रवास संपला की सारे थैलीत भरून आगगाडीने घरी न्यायचे, अशी ही नाव जर्मनीत घरोघर पोहोचली. तिचे तोंड रुंद, बसण्याची जागा ऐसपैस आणि शिडाची सोय असलेली. ती उलटली तर माणूस सहज बाहेर पडे, आत बसून सरळ करणे मात्र जवळजवळ अशक्य. अशाच नावेतून हँबर्गचा वीजतंत्री ऑस्कर स्पेक १९३२ मध्ये उल्म येथून डॅन्यूब नदीने निघाला आणि १९३९ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतील सायबाय बेटावर पोहोचला. भारताचा पश्चिम किनारा उतरून तो १९३५ मध्ये श्रीलंकेला गेला, म्हणजे कोकण आणि गोव्याच्या समुद्रावरून गेलेल्या आरंभीच्या युरोपीय कयाकपैकी एक त्याची होती, ही गोष्ट मराठीत फारशी लिहिली गेलेली नाही. महासागर ओलांडण्याचे धाडसही घडीच्या नावेनेच झाले. फ्रान्झ रोमर याने १९२८ मध्ये अटलांटिक पार केला आणि पुढच्या टप्प्यात वादळात तो नाहीसा झाला. जर्मन डॉक्टर हान्नेस लिंडेमान १९५६ मध्ये कॅनरी बेटांवरून निघून ७२ दिवसांत कॅरिबियनमधील सेंट मार्टिनला पोहोचला. अखेरच्या टप्प्यात त्याची नाव दोनदा उलटली आणि एकदा तर उजाडेपर्यंतची सारी रात्र त्याने उलट्या तळाला धरून काढली. हाताची पकड सुटती तर प्रवास तेथेच संपता. घडीच्या नावेने कयाकला सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणले खरे, परंतु माणसाला नावेत धरून ठेवणारे वस्त्र तिने काढून घेतले आणि त्या जागी काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

ती रिकामी जागा भरणारी दोरी कयाकच्या नव्हे, तर लाटांवर फळीने घसरण्याच्या खेळातून आली. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे फळी हातातून सुटली की ती खडकांवर आपटून फुटे आणि खेळाडूला थंड पाण्यात पोहत काठ गाठावा लागे. थंड पाण्यात ऊब राखणाऱ्या पोशाखांचे उत्पादक जॅक ओ’नील यांचा मुलगा पॅट याने १९७१ मध्ये फळीच्या टोकाला चिकटणारी रबरी वाटी आणि शस्त्रक्रियेत वापरतात तसली ताणली जाणारी रबरी नळी यांपासून एक दोरी तयार करून मालिबूच्या स्पर्धेत आणली. जुन्या खेळाडूंनी तिची यथेच्छ टर उडवली, नवशिक्याची दोरी म्हणून तिला तुच्छतेचे नाव दिले, आणि जो पोहून आपली फळी आणू शकत नाही त्याने लाटांत उतरूच नये असे ते म्हणू लागले. या आक्षेपात अहंकार होता तसे तथ्यही होते, कारण दोरीच्या भरवशावर न पोहणारे लोक खोल पाण्यात जाऊ लागले. रबराचा दोष मात्र अधिक क्रूर रीतीने उघड झाला: ताणलेली नळी फळीला परत फेकते, आणि त्याच सुमारास अशा उसळीने जॅक ओ’नील यांचा डावा डोळा गेला. यानंतर रबराऐवजी कमी ताणला जाणारा युरेथेनचा दोर आला, तो फळीच्या शेपटाला आणि घोट्याला बांधला जाऊ लागला, आणि दशकभरात टर उडवणाऱ्यांच्याही पायात तो दिसू लागला.

योगायोग असा की १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वरून बंद असलेली आणि पाठीवर खोबणीत बसायची कयाक आकार घेत होती. ऑस्ट्रेलियात तिची एक पूर्वज आधीच होती. पोर्ट मॅक्वारी येथे मॅक्लारेन बंधूंनी १९१२ च्या सुमारास कालवांच्या शेतीत ये-जा करण्यासाठी जी सपाट नाव बनवली तिच्यापासून ‘सर्फ-स्की’ ही लांब, अत्यंत हलकी समुद्री नाव विकसित झाली. या दोन्ही प्रकारांत माणूस नावेच्या आत नसून वर असतो. लाट आली की तो सरळ पाण्यात जातो आणि पुन्हा चढून बसतो, आणि यातच त्यांची सोय आहे. परंतु त्याच क्षणी वारा रिकाम्या नावेला पकडतो. म्हणून उघड्या समुद्रात सर्फ-स्की चालवणाऱ्याच्या पायाला दोरी असणे हे आता शिस्तीचे पहिले कलम मानले जाते. कयाकसाठी लागणारी दोरी बहुधा जुन्या दूरध्वनीच्या तारेसारखी गुंडाळलेली असते, म्हणजे ती नावेच्या पाठीवर राहते, पाण्यात लोंबत नाही आणि पायात येत नाही.

वल्हे बांधण्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. कोकणातल्या होडीत वल्हे काठावरच्या खुंटीला दोराच्या फासाने जखडलेले असते, कारण तेथे खुंटी हाच टेकू असतो आणि वल्हे सुटले तर जोरच लागत नाही. त्या बांधणीतून सुरक्षा फुकटात मिळते. कयाकच्या वल्ह्याला टेकू नसतो, ते दोन हातांत मोकळे फिरते, आणि म्हणूनच हात सुटला की ते गेले. अल्यूशियन बेटांवरील शिकारी यासाठी नावेच्या पाठीवर दुसरे वल्हे बाळगत. आधुनिक समुद्री कयाकमध्ये वल्ह्याला पातळ दोरी लावण्याची चाल आहे, परंतु किनाऱ्याजवळच्या फुटत्या लाटांत ती काढून टाकावी असे जाणते लोक सांगतात. उलटलेल्या नावेभोवती ती मनगटाला किंवा मानेला वेढली तर काय होईल, हे ग्रीनलंडच्या शिकाऱ्याला सांगावे लागले नसते.

खरी अडचण नदीत आली. समुद्रात लीश वाचवते, कारण तेथे माणूस आणि नाव यांच्यावर एकाच दिशेने वारा व लाटा काम करतात आणि दोघांना अडवणारे काही नसते. वाहत्या नदीत नाव खडकाच्या एका बाजूने आणि माणूस दुसऱ्या बाजूने जाऊ शकतो, किंवा दोरी पडलेल्या झाडाच्या फांदीत अडकते. मग प्रवाह माणसाला दोरीच्या टोकाशी ताणून धरतो. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि घोट्याला दोरी असेल तर शरीर प्रवाहाच्या दिशेने लांब होऊन हात घोट्यापर्यंत पोहोचतच नाही. नदीवरच्या बचावकर्त्यांनी म्हणून आपल्या दोरांना टोकाशी गाठ किंवा फास ठेवणे सोडून दिले. गाठ खडकाच्या फटीत अडकते आणि कोरे टोक निघून येते, या अनुभवातून ‘स्वच्छ दोरी’चे तत्त्व रूढ झाले आणि जाकिटावर सुरी बाळगणे नित्याचे झाले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट येथे नदीच्या बंधाऱ्यावरून खाली गेलेल्या उभ्याने वल्हवायच्या पाट्यांवरील चौघांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर कोणत्या पाण्यात कोणती दोरी, ती शरीरावर कोठे बांधावी, हा प्रश्न ब्रिटनमध्ये खेळाच्या संघटनांपलीकडे सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचला. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी पुढे न जाता उलटे घुमते आणि तरंगणारी वस्तू तेथेच फिरवत ठेवते; अशा भोवऱ्यात पाट्याला बांधलेला माणूस पाट्याबरोबर अडकतो.

महाराष्ट्रातही दोन्ही प्रकारचे पाणी एका दिवसाच्या अंतरावर आहे. तारकर्लीच्या खाडीत दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो तेव्हा वर बसायच्या हलक्या कयाकला दोरी असणे शहाणपणाचे. कोलाडजवळ कुंडलिकेत, भिरा येथील जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर जेव्हा नदी धावू लागते, तेव्हा घोट्याला तीच दोरी असणे धोक्याचे. खेळ तोच आणि नावही तीच असल्यामुळे नवख्या माणसाला हा फरक सुचत नाही.

यावर जो तोडगा निघाला तो कमरेचा किंवा छातीचा झटपट सुटणारा पट्टा. १९८० नंतर युरोपातील नदीवरच्या बचावकर्त्यांच्या जाकिटांतून तो पसरला आणि आता वाहत्या पाण्यातील पाट्यांसाठी तोच सुचवला जातो. दोरी पट्ट्यावरच्या कडीला असते आणि पट्टा जाकिटाभोवती फिरून समोरच्या चापात पकडलेला असतो. चापाला लोंबणारा रंगीत गोळा एका हाताने ओढला की चापाचे दात सुटतात, प्रवाहाचाच रेटा पट्टा बाहेर खेचून काढतो आणि कडीसकट दोरी निघून जाते, माणूस मोकळा होतो. काही पट्ट्यांत जास्त भार सहन व्हावा म्हणून चापाच्या आधी एक धातूची पट्टीही असते आणि पट्टा तिच्यातून ओवायचा की नाही हे वापरणाऱ्यावर सोडलेले असते. ओवला तर भार अधिक पेलला जातो, परंतु ओढ कमी असताना गोळा ओढूनही पट्टा जागचा हलत नाही. म्हणून शिकवणारे लोक विद्यार्थ्याला पाण्यात दोराला बांधून प्रवाहात सोडतात आणि भार असताना एकदा व नसताना एकदा, अशा दोन्ही अवस्थांत त्याला स्वतःच्या हाताने गोळा ओढायला लावतात.